डोळ्याच्या पृष्ठभागाची रंगद्रव्याने तपासणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोळ्यात काही गेले, ओरखडा उठला, लाली उतरत नाही किंवा बरेच दिवस चुरचुरते आहे, अशी तक्रार घेऊन गेल्यावर नेत्रतज्ज्ञ पुष्कळदा डोळ्यात नारिंगी रंगाची कागदी पट्टी टेकवतात आणि निळ्या प्रकाशात डोळा पाहतात. सारे एक-दोन मिनिटांत आटोपते, त्यामुळे नेमके काय झाले हे विचारायचे राहून जाते. या तपासणीविषयी रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक जे प्रश्न नेहमी विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

या तपासणीत नेमके काय पाहिले जाते?

बुबुळाच्या पुढे जो पारदर्शक पडदा असतो त्याला पारपटल किंवा कॉर्निया म्हणतात. त्याची जाडी मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते आणि त्यावर पेशींच्या पाच ते सात थरांचे एक अतिशय पातळ आवरण असते. हे आवरण शाबूत आहे की कुठे खरचटले, फाटले किंवा झिजले आहे, हे साध्या प्रकाशात नीट दिसत नाही, कारण आवरणही पारदर्शक आणि त्याखालचा भागही पारदर्शक. फ्लुओरेसीन नावाचे रंगद्रव्य डोळ्यात सोडल्यावर तुटलेली जागा निळ्या प्रकाशात हिरवीगार चमकू लागते.

रंग जखमेवरच का दिसतो, साऱ्या डोळ्यावर का नाही?

फ्लुओरेसीन पाण्यात सहज विरघळते, पण तेलकट पदार्थांतून ते सहजी पार होत नाही. कॉर्नियाच्या सर्वांत वरच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट जोडलेल्या असतात की हे रंगद्रव्य त्यांच्यामधून आत शिरू शकत नाही. ते अश्रूंत मिसळून राहते आणि पापण्यांच्या उघडझापीबरोबर वाहून जाते. जिथे पेशी गळून पडल्या आहेत किंवा त्यांचे सांधे सुटले आहेत, तिथे मात्र ते आत झिरपते व टिकून राहते. त्यावर निळा प्रकाश पडला की ते तो शोषून घेते आणि हिरवा प्रकाश बाहेर टाकते. तपासणीच्या यंत्रात, म्हणजे स्लिट लॅम्पमध्ये, कोबाल्ट निळ्या काचेचा फिल्टर असतो तो यासाठीच. भिंगासमोर आणखी एक पिवळा फिल्टर धरला तर परत येणारा निळा प्रकाश अडवला जातो आणि बारीक ठिपकेही स्पष्ट दिसतात. अनेक ठिकाणी हा पिवळा फिल्टर वापरला जात नाही, याची खंत वाटते, कारण तो महाग नाही आणि त्याच्यामुळे निदानात खरोखर फरक पडतो.

हे रंगद्रव्य किती जुने आहे? ते सुरक्षित असल्याचा अनुभव आहे का?

जर्मन रसायनशास्त्रज्ञ आडोल्फ फॉन बायर यांनी १८७१ मध्ये फ्लुओरेसीन प्रथम तयार केले. १८७७ मध्ये त्याचे सुमारे दहा किलो क्षार जर्मनीत डॅन्यूब नदीचे पाणी जिथे जमिनीत मुरते तिथे टाकण्यात आले आणि सुमारे ६० तासांनी दूरच्या आख येथील झऱ्याचे पाणी हिरवे झाले. नदीचे पाणी भूगर्भातून तिकडे जाते हे त्यावरून सिद्ध झाले. द्रव कुठून कुठे जातो हे दाखवण्याचा हाच गुण पाच वर्षांनी, १८८२ मध्ये, जर्मन वैद्यकशास्त्रज्ञ पाउल एर्लिख यांनी डोळ्याच्या आतील द्रवाच्या अभ्यासासाठी वापरला आणि त्याच दशकात कॉर्नियाच्या जखमा पाहण्यासाठीही ते वापरात आले. तेव्हापासून आजतागायत ते जगभरच्या नेत्रचिकित्सेत रोज वापरले जाते. पृष्ठभागावर वापरताना त्याचा त्रास क्वचितच होतो.

तपासणी कशी करतात? दुखते का?

पट्टीचे एक टोक रंगवलेले असते. त्यावर निर्जंतुक सलाईनचा एक थेंब टाकून, जास्तीचा थेंब झटकून, खालची पापणी हलकेच ओढून तिच्या आतल्या बाजूला ते टोक क्षणभर टेकवतात. पट्टी बुबुळाला लावायची नसते. मग तुम्हाला दोन-तीनदा पापण्या मिटण्यास सांगतात, म्हणजे रंग सगळीकडे पसरतो. यानंतर हनुवटी आणि कपाळ यंत्राला टेकवून समोर पाहायचे असते. रंग फार दाट असताना तो उलट कमी चमकतो, म्हणून अनुभवी तपासनीस मिनिटभर थांबतात. यंत्रातून पाहताना खालच्या पापणीच्या काठावर अश्रूंची एक बारीक हिरवी रेघ दिसते. तिच्या उंचीवरून अश्रू पुरेसे आहेत की नाहीत याचाही अंदाज येतो.

क्षणभर थंड किंवा किंचित चुरचुरल्यासारखे वाटते, एवढेच. डोळा फार दुखत असेल आणि उघडवतच नसेल, तर आधी बधिरतेचा एक थेंब घालतात. मात्र कॉर्नियाची संवेदना तपासायची असेल, तर ती कापसाच्या तंतूने स्पर्श करून बधिरतेच्या थेंबाच्या आधीच पाहावी लागते.

थेंबांच्या बाटलीऐवजी कागदी पट्टी का वापरतात?

जंतुसंसर्ग टाळण्यासाठी. एकदा उघडलेल्या फ्लुओरेसीनच्या द्रावणात स्यूडोमोनास हा जंतू सहज वाढतो आणि खरचटलेल्या कॉर्नियावर तोच जंतू गेला, तर एक-दोन दिवसांत डोळा जाऊ शकतो. १९५१ मध्ये रंग कागदावर वाळवून निर्जंतुक पट्ट्या वापरण्याची पद्धत मांडली गेली आणि ती रूढ झाली. प्रत्येक रुग्णासाठी नवी, सीलबंद पट्टी उघडली जावी, अशी अपेक्षा ठेवण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे.

हिरव्या खुणा पाहून डॉक्टरांना काय कळते?

या तपासणीचे खरे मोल येथे आहे. जखम आहे की नाही याबरोबरच ती कशामुळे झाली, हेही खुणांच्या आकारावरून आणि जागेवरून बरेचदा उमगते.

कॉर्नियाच्या वरच्या भागात उभ्या, एकमेकींना समांतर बारीक रेघा दिसल्या, तर वरच्या पापणीच्या आत काहीतरी अडकले आहे असे समजावे; पापणी मिटताना तो कण दर वेळी कॉर्नियावर घासतो आणि रेघा उमटतात. अशा वेळी वरची पापणी उलटून पाहिली की भुशाचा तुकडा, वाळूचा कण किंवा किड्याचा पंख सापडतो आणि तो काढताच रुग्णाला आराम वाटतो. पापणी न उलटता फक्त थेंब देऊन पाठवले, तर रुग्ण दुसऱ्या दिवशी तीच तक्रार घेऊन परत येतो.

पापण्यांच्या फटीत उघड्या राहणाऱ्या मधल्या पट्ट्यात ठिपके दिसले, तर कोरडेपणाचा किंवा वेल्डिंगच्या प्रकाशाने झालेल्या इजेचा संशय येतो. वेल्डिंगची इजा लगेच जाणवत नाही. दिवसा काम करताना काहीच वाटत नाही आणि सहा ते बारा तासांनी, बहुधा रात्री, दोन्ही डोळ्यांत वाळू भरल्यासारखे होऊन असह्य वेदना सुरू होतात. ठिपके केवळ खालच्या तृतीयांश भागात असतील, तर झोपेत डोळा पूर्ण मिटत नसावा. चेहऱ्याच्या एका बाजूचा लकवा झालेल्या रुग्णांत हे नेहमी दिसते. पापण्यांच्या काठांना सूज असली तरीही खालच्या भागात ठिपके येतात.

वाळलेल्या फांदीसारखी, टोकांना बारीक गाठी असलेली हिरवी रेघ दिसली, तर ते हर्पिस विषाणूच्या संसर्गाचे लक्षण मानले जाते. ही एक आकृती ओळखता आली तर डोळा वाचतो आणि ओळखली नाही तर चुकीच्या औषधाने तो बिघडतो, इतके तिचे महत्त्व आहे.

मोठा, एकसंध हिरवा डाग साध्या ओरखड्याचाही असू शकतो आणि व्रणाचाही, म्हणजे चिघळलेल्या जखमेचाही (अल्सर). ओरखड्याच्या तळाचा भाग पारदर्शक असतो. तळ पांढुरका किंवा गढूळ दिसला की तो व्रण समजून पुढच्या तपासण्या कराव्या लागतात. डागाची लांबी-रुंदी यंत्रावर मोजून कागदावर नोंदवली जाते, कारण उद्या तो लहान झाला की मोठा, हे त्या नोंदीशिवाय सांगता येत नाही. तुमच्या कागदावर वर्तुळ काढून त्यात रेघोट्या मारलेल्या असतील, तर ती नोंद याच डागाची आहे. पुढच्या वेळी तो कागद सोबत न्यावा.

शेतात डोळ्याला पात लागली. औषधाच्या दुकानातून थेंब आणून घातले तर चालेल का?

या प्रश्नाचे उत्तर स्पष्टपणे नाही असे आहे. उसाचे पाचट, भाताचे तूस, गवताचे कुसळ, बाभळीचा काटा यांनी झालेली जखम वरवर क्षुल्लक वाटते, पण झाडपाल्याबरोबर फ्युझेरियम आणि ॲस्परजिलस यांसारख्या बुरशी डोळ्यात जातात. बुरशीचा व्रण सावकाश वाढतो. सुरुवातीचे काही दिवस थोडी लाली आणि थोडे खुपणे एवढेच असते, त्यामुळे माणूस कामावर जात राहतो. दुकानातून मिळणाऱ्या अनेक थेंबांत प्रतिजैविकाबरोबर डेक्सामेथासोन किंवा बेटामेथासोनसारखे स्टेरॉइड असते. त्याने लाली उतरते, दुखणे कमी होते, रुग्ण निर्धास्त होतो आणि आत बुरशी पसरत राहते. हर्पिसच्या फांदीसारख्या व्रणावर स्टेरॉइड पडले, तर तीच बारीक रेघ पसरून मोठा, वेडावाकडा व्रण होतो. बरा झाल्यावरही जागी पांढरा डाग राहतो, ज्याला आपण बुबुळावर फूल पडले असे म्हणतो, आणि तो मध्यभागी असेल तर दृष्टी कायमची अधू होते. म्हणून लाल डोळ्यात स्टेरॉइडचा पहिला थेंब पडण्याआधी फ्लुओरेसीनची तपासणी झालेली असलीच पाहिजे, असा आमचा आग्रह आहे.

लवकर तपासणी केल्याने किती फरक पडतो, याचा पुरावा शेजारच्या नेपाळमधील भक्तपूर जिल्ह्यात मिळाला. तेथे सुमारे ३५ हजार लोकवस्तीत प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी डोळ्याला लागलेल्यांची फ्लुओरेसीनच्या पट्टीने तपासणी केली आणि ओरखडा आढळला की दिवसातून तीनदा, तीन दिवस क्लोरॅम्फेनिकॉल या प्रतिजैविकाचे मलम दिले. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, इजेनंतर १८ तासांच्या आत उपचार सुरू झालेल्या एकाही रुग्णाला व्रण झाला नाही. २४ तास उलटून गेल्यावर आलेल्यांत मात्र चौथ्या हिश्श्याहून अधिक रुग्णांना झाला. कागदाची एक पट्टी, निळा प्रकाश, एक स्वस्त मलम आणि वेळेवर गाठ पडणे, एवढ्यावर हे साधले. आपल्याकडे ग्रामीण रुग्णालयात किंवा उपजिल्हा रुग्णालयात नेत्रचिकित्सा अधिकारी ही तपासणी करू शकतात. त्याच दिवशी तिथे जावे आणि तोवर मध, दूध, तूप, गुलाबपाणी यांपैकी काहीही डोळ्यात घालू नये. जिभेने किंवा पदराच्या टोकाने कण काढण्याची काही ठिकाणची रीतही सोडून द्यावी.

चुन्याची पुडी फुटून लहान मुलाच्या डोळ्यात चुना गेला तर?

रंगाची तपासणी नंतर. आधी पाणी. चुना अल्कधर्मी असल्याने कॉर्नियात खोल उतरत जातो आणि प्रत्येक मिनिटाला नुकसान वाढते. मूल रडत असले तरी पापण्या उघड्या धरून स्वच्छ वाहत्या पाण्याने निदान अर्धा तास डोळा धुवावा आणि मगच रुग्णालयाकडे निघावे. तिथेही पुन्हा धुतात, पापणी उलटून चुन्याचे चिकटलेले कण काढतात आणि त्यानंतर फ्लुओरेसीन घालून किती भाग सोलवटला आहे ते पाहतात. कॉर्नियाच्या कडेला ज्या पेशींपासून नवे आवरण तयार होते, त्या कडेचा किती भाग हिरवा दिसतो, यावर डोळा पुढे कसा भरून येईल याचा अंदाज बांधला जातो. पान-तंबाखूच्या चुन्याच्या पुड्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवाव्यात.

माझे डोळे कोरडे आहेत म्हणतात. त्यासाठी हा रंग कशाला?

कोरडेपणात अश्रू कमी असतात किंवा असलेला अश्रूंचा थर लवकर फाटतो. रंग घालून, दोनदा पापण्या मिटून, मग न मिटता समोर पाहायला सांगतात आणि हिरव्या थरात पहिला काळा ठिपका कधी पडतो ते मोजतात. दहा सेकंदांच्या आत पडला, तर थर अस्थिर समजतात. दिवसभर संगणकापुढे बसणारी माणसे पापण्या कमी वेळा मिटतात, त्यामुळे थर फाटलेला असतानाही डोळा उघडाच राहतो. ही मोजणी डोळ्याला इतर काही लावण्याआधी करावी, नाहीतर आकडा फसवा येतो. कॉर्नियाचे पाच भाग कल्पून प्रत्येकाला ० ते ३ असे गुण देण्याची एक पद्धत आहे. उपचारांनी फायदा झाला का, हे त्या गुणांवरून पडताळता येते.

काही वेळा हिरवा रंगही घालतात. तो वेगळा असतो का?

होय, ते लिसामाइन ग्रीन असते. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरच्या पातळ आवरणातील इजा झालेल्या किंवा मृत पेशींवर ते उठून दिसते आणि त्यासाठी निळा नव्हे, साधा पांढरा प्रकाश लागतो. कोरड्या डोळ्यांबरोबर तोंडही कोरडे पडत असेल आणि सांधे दुखत असतील, तर या रंगाची तपासणी विशेष उपयोगी ठरते, कारण तेव्हा श्योग्रेन आजाराचा, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अश्रू व लाळेच्या ग्रंथींवर उलटते त्या आजाराचा, विचार करावा लागतो. पूर्वी यासाठी रोझ बेंगाल वापरत. ते फार झोंबते, म्हणून त्याचा वापर कमी झाला आहे.

तपासणीत काहीच हिरवे दिसले नाही, म्हणजे डोळा ठीक आहे का?

दर वेळी नाही. छिन्नी-हातोडीने काम करताना उडालेला लोखंडाचा बारीक तुकडा कॉर्निया भेदून आत जातो आणि मागची वाट आपोआप मिटू शकते; अशा वेळी पृष्ठभाग जवळजवळ स्वच्छ दिसूनही तुकडा डोळ्यात राहिलेला असतो. म्हणून काय करत असताना लागले, हे डॉक्टरांना नीट सांगावे. जखम आरपार गेली आहे का, असा संशय असेल तर त्या जागी दाट रंग लावून पाहतात. आतले पाणी बाहेर झिरपत असेल, तर गडद नारिंगी रंग त्याने पातळ होतो आणि त्यातून चमकता हिरवा ओघळ खाली उतरताना दिसतो. याला सायडेल चाचणी म्हणतात. मोतीबिंदूच्या किंवा काचबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर टाके घट्ट आहेत ना, हे पाहण्यासाठीही ती करतात. डोळा फुटला आहे हे उघड दिसत असेल, तर मात्र रंग घालण्याच्या भानगडीत न पडता, डोळ्यावर दाब न येईल असे कडक आवरण लावून रुग्णाला तातडीने शस्त्रक्रियेसाठी पाठवावे लागते.

मी कॉन्टॅक्ट लेन्स वापरते. काय काळजी घ्यावी?

तपासणीआधी लेन्स काढाव्यात, कारण मऊ लेन्स रंग शोषून घेतात आणि तो निघत नाही. तपासणीनंतर डोळा धुऊन, डॉक्टर सांगतील तितका वेळ थांबून मगच लेन्स घालाव्यात. डाग आढळला असेल तर तो भरून येईपर्यंत घालूच नयेत. लेन्स वापरणाऱ्यांच्या ओरखड्यात स्यूडोमोनासचा धोका अधिक असल्याने डोळ्यावर पट्टी बांधून ठेवणे टाळतात आणि औषधही वेगळे निवडतात.

तान्ह्या बाळाच्या डोळ्यातही हा रंग घातला. त्याला तर लागले नव्हते.

बाळाच्या डोळ्यातून सतत पाणी येत असेल, तर अश्रू नाकात उतरण्याचा मार्ग मोकळा आहे का, हे पाहण्यासाठी तो घालतात. पाच मिनिटांनी रंग डोळ्यातून निघून गेला असेल तर मार्ग मोकळा; पिवळे तळे तसेच राहिले तर मार्ग अडलेला. बहुतेक बाळांमध्ये तो वर्षभरात आपोआप उघडतो आणि तोवर नाकाच्या मुळाशी मालीश करायला शिकवतात.

गरोदरपणी चालते का? शिरेतून देतात तोच रंग हा का?

द्रव्य तेच, पण वापर अगदी निराळा. मधुमेही रुग्णांच्या दृष्टिपटलाचे, म्हणजे डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्याचे, फोटो काढताना फ्लुओरेसीन शिरेतून देतात. तेव्हा काही तास त्वचा पिवळसर दिसते, लघवी नारिंगी होते, काहींना मळमळते आणि क्वचित गंभीर ॲलर्जी होऊ शकते. पट्टीने डोळ्यात जाणारी मात्रा अत्यल्प असते. गरोदर आणि स्तनदा मातांमध्ये गरज असल्यास ती वापरतात. पूर्वी या रंगाची किंवा बधिरतेच्या थेंबांची ॲलर्जी झाली असेल, तर आधीच सांगावे.

पट्ट्या मागवून घरी तपासता येईल का?

नाही. निळी टॉर्च मोठा डाग दाखवील, पण बारीक ठिपके, फांदीसारखी रेघ आणि जखमेची खोली यांसाठी यंत्राचे भिंग आणि पाहणाऱ्याचा सराव लागतो. त्याचप्रमाणे तपासणीच्या वेळी घातलेला बधिरतेचा थेंब घरी नेण्यासाठी मागू नये. तो वारंवार घातल्याने जखम भरत नाही आणि दुखणे न कळल्यामुळे कॉर्निया विरघळत गेला तरी रुग्णाला पत्ता लागत नाही.

तपासणीनंतर लगेच गाडी चालवता येईल का? रंग किती वेळ राहतो?

थोडा वेळ सारे पिवळसर आणि अंधूक दिसते. अश्रूंबरोबर रंग नाकात उतरत असल्याने नाक शिंकरल्यावर रुमालावर पिवळे दिसेल. त्याची काळजी नको. नजर स्वच्छ होईपर्यंत गाडी चालवू नये. बधिरतेचा थेंब घातला असेल, तर पंधरा-वीस मिनिटे डोळा चोळू नये, कारण त्या वेळात नवा ओरखडा उठला तरी कळत नाही. साधा ओरखडा बहुधा एक ते तीन दिवसांत भरतो. मधुमेहींना अधिक दिवस लागू शकतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा रंग घालून पाहण्यास बोलावले असेल, तर दुखणे थांबले म्हणून ती फेरी चुकवू नये. त्याआधीच दुखणे वाढले, नजर मंदावली, पू येऊ लागला किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर दिलेल्या वेळेची वाट न पाहता त्याच दिवशी डोळा दाखवावा.